वर्धेच्या पलीकडे एक दिवस

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत सहलीचा विषय निघतो आणि मुलांची मागणी दरवर्षी एकच असते, समुद्र. नरखेड तालुक्यातल्या मुलाला समुद्र बघायचा तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो. संत्र्याचा भाव पडलेला असला की आमच्याकडचे पालक शंभर रुपयांसाठीही दहादा विचार करतात, तिथं अलिबागचं नाव कोण काढणार? म्हणून मी मुलांना म्हटलं, समुद्र नसला तर नसू द्या, आपल्याला वर्धा नदी आहे. तिच्या पलीकडच्या काठावर उतरू, दिवसभरात जेवढं जुनं जग बघून होईल तेवढं बघू आणि रात्री घरी येऊन झोपू.

ठरलं ते असं: सकाळी अचलपूर, दुपारी गाविलगड.

संमतीपत्र द्यायला आलेल्या एका पालकानं विचारलं, "सर, तो किल्ला मुसलमानांचा का भोसल्यांचा?" साधा संत्रा बागायतदार माणूस. त्याच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. पोराला कुठं नेताहेत ते त्याला कळून घ्यायचं होतं, एवढंच. मी "दोघांचाही" असं काहीतरी पुटपुटलो. माझं उत्तर चुकीचं नव्हतं, पण ते मलाच पटलं नाही. वीस वर्षं फळ्यासमोर उभा असलेला माणूस इतक्या साध्या प्रश्नाला अडखळतो, याचं वाईट वाटलं. पुढचं सगळं लिहितोय ते त्या प्रश्नामुळेच.

पहाटे फजरची नमाज आटोपून निघालो. एसटीची बस, चाळीसेक मुलं, आम्ही तिघं शिक्षक. जलालखेड्याला आणखी मुलं चढली. हे गाव आमच्याच तालुक्यात, वर्धेच्या काठावर. मुलांना म्हटलं, तुमच्या गावाचं नाव फोडून बघा. जलाल अरबी, खेडं मराठी. दोन भाषा एका नावात किती शतकं सुखानं नांदताहेत आणि तुम्हाला त्याचा पत्ता नाही. मुलं हसली. पलीकडे आमनेरच्या जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. धुकं होतं, फारसं काही दिसलं नाही.

वर्धा ही आमच्याकडची सरहद्द. आजही अलीकडे नागपूर जिल्हा, पलीकडे अमरावती. ही नदी कधी कोणाला दुभंगते, कधी कोणाला बुडवते. १९९१ च्या पुरात आमच्या तालुक्यातलं मोवाड उद्ध्वस्त झालं, ते घरोघरी अजून आठवतात. पण ही नदी सरहद्द झाली ती पाण्यानं नाही, कागदावरच्या सहीनं. माझी दादी वरुडकडची. लग्न होऊन नदी ओलांडून आली आणि आमच्या मोहल्ल्यात शेवटपर्यंत 'वऱ्हाडवाली' म्हणूनच ओळखली गेली. आठ-दहा कोसांवरून आलेली बाई दुसऱ्या मुलखातली ठरली. ही सही कोणी केली ते गडावर सांगतो म्हणालो आणि बस वरुड-मोर्शीच्या रस्त्याला लागली.

मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. महानुभावांचं मोठं तीर्थ. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं ते याच परिसरात. मराठी गद्याची सुरुवात आपण तिथून मोजतो. आणि १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजी देवगिरीकडे निघाला तो एलिचपूरवरून, म्हणजे आजच्या अचलपूरवरून गेला. मराठी गद्य आणि दिल्लीची फौज या मुलखानं जवळपास एकाच पिढीत पाहिली. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. एका तासाला एक, दुसऱ्या तासाला दुसरी. त्यामुळे असेल, पण ही दोन सालं शेजारी ठेवली की मला नेहमी वाटतं, माझं वेळापत्रक सातशे वर्षांपूर्वीच लागलं होतं.

अचलपूरला पोचलो तेव्हा उन्हं वर आली होती. सापन आणि बिच्छन या दोन नद्यांच्या आधारानं वसलेलं हे शहर. सातव्या शतकातल्या ताम्रपटात त्याचं नाव आहे. पुढे इमादशाहीची राजधानी, नंतर मोगलांचं सुभ्याचं ठाणं, त्यानंतर निजामाच्या हाताखालच्या पन्नी पठाण नवाबांचं गाव. आज परतवाड्याच्या बाजारपेठेला खेटून राहिलेलं, जुन्या परकोटाचे तुकडे आणि दरवाजे अंगावर बाळगणारं. दुल्हा दरवाजाजवळ बस थांबवली आणि फळा नसताना एक तास घेतला.

विषय होता या गावाचं नाव. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात वाचलं असेल: मूळ नाव अचलपूर, मुसलमानांनी ते बिघडवून एलिचपूर केलं. ऐकायला पटण्यासारखं आहे. फक्त त्यात एक अडचण आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचे थोर जैन आचार्य होऊन गेले. त्यांनी प्राकृत भाषेचं व्याकरण लिहिलं आणि त्यात या गावासाठी वेगळा नियम दिला: 'अचलपूर' या शब्दात च आणि ल जागा बदलतात आणि 'अलचपूर' होतं. हेमचंद्र वारले ११७२ च्या सुमारास. अलाउद्दीन इकडे आला १२९६ मध्ये. म्हणजे दिल्लीचा एकही घोडा सापन नदीचं पाणी प्यायला नव्हता, तेव्हाच लोकांच्या जिभेवर हे गाव अलचपूर झालेलं होतं. तिथून एलिचपूर कितीसं दूर?

मुलांना हे समजवायला परक्या भाषेतलं उदाहरण शोधावं लागलं नाही. आमच्याकडे सगळे 'नुकसान'ला 'नुसकान' म्हणतात. उर्दू बोलणारी म्हातारी माणसं लखनऊला 'नखलऊ' म्हणतात. म्हणून कोणी नुकसानीवर आक्रमण केलं असं होत नाही. जिभेला सोपं पडतं तसा शब्द वळतो. त्यात धर्म नसतो, दात आणि टाळू असतात.

आता सरळ बोलायचं तर दुसऱ्या बाजूचंही बोललं पाहिजे. अचलपुरात शाह अब्दुर्रहमान गाझींचा दर्गा आहे. लोक त्यांना प्रेमानं दुल्हा रहमान म्हणतात. कथा अशी की ते महमूद गझनवीचे भाचे, लग्नाच्या पोशाखातच लढायला निघाले आणि इथल्या ईल राजाशी लढताना शहीद झाले. आमच्या घरात ही कथा मी दादीच्या मांडीवर ऐकली आहे. पण गझनवीची फौज वऱ्हाडापर्यंत आल्याला इतिहासात आधार नाही. ईल राजाही दंतकथेतच भेटतो. उर्दूच्या वर्गातल्या एका मुलानं माझ्याकडे जरा रागानंच पाहिलं. त्याला म्हटलं, बेटा, फातिहा पढायला श्रद्धा पुरते, इतिहासाचा पेपर लिहायला पुरत नाही. दोन्ही आपापल्या जागी ठेव. नावाच्या बाबतीत पुरावा मागायचा आणि आपल्या आवडत्या कथेला मात्र सोडून द्यायचं, हे मास्तराला शोभत नाही.

गावाबाहेर हौज कटोरा आहे. गोल तलावाच्या मधोमध अष्टकोनी मजल्यांची इमारत, चारी बाजूंनी कमानी. पाणी असताना तिचं प्रतिबिंब कसं पडत असेल याची मुलांना कल्पना करायला सांगितली. मुलांनी कल्पनेऐवजी डबे उघडले. बरोबरच होतं, साडेदहा वाजले होते. ठेचा, भाकरी, शिरखुर्म्यातल्या उरलेल्या शेवयांचा गोड उपमा, सगळं एकमेकांच्या डब्यांत गेलं. जेवता जेवता मी त्यांना फतहुल्लाची गोष्ट सांगायला घेतली.

बहमनी सल्तनत आणि विजयनगर यांची लढाई पिढ्यान् पिढ्या चालू होती. अशाच एका लढाईत विजयनगरच्या मुलखातला एक कानडी हिंदू मुलगा बहमनी फौजेच्या हाती सापडला. वऱ्हाडचा सुभेदार खानजहान याच्या पदरी तो वाढला, मुसलमान झाला आणि फतहुल्ला या नावानं पुढे आला. हुशार होता, चढत गेला आणि त्याला इमादुल्मुल्क किताब मिळाला. वजीर महमूद गवाननं वऱ्हाडचे दोन भाग केले तेव्हा माहूर खुदावंदखान हबशीकडे गेलं आणि गाविलचा भाग फतहुल्लाकडे आला. बहमनी सत्ता खिळखिळी झाल्यावर १४९० मध्ये तो स्वतंत्र झाला. हीच वऱ्हाडची इमादशाही, दख्खनच्या पाच शाह्यांपैकी एक, राजधानी एलिचपूर.

गंमत म्हणजे तो एकटा नव्हता. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद, त्याचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या ब्राह्मण घराण्यातून आलेला. पुढे १५१८ मध्ये याच पाथरीवरून निजामशाही आणि इमादशाही यांच्यात लढाई झाली. वाडवडिलांचं गाव आपल्या राज्यात हवं, असा निजामशहाचा हट्ट. दोन मुसलमान सुलतान, एक कानडी मुळाचा, एक मराठी मुळाचा, आणि भांडण आजोळ-पणजोळाच्या गावावरून. आमच्या तालुक्यात बांधाच्या वादात हेच चालतं, असं आमच्या एसटीच्या चालकानं म्हटलं. तोही आता डबा घेऊन वर्गात बसला होता.

परतवाड्याहून घाट चढलो. सातपुड्याच्या या फाट्यात हवा एकदम बदलते. चिखलदऱ्याला बस ठेवून पायी गडावर गेलो. गवळ्यांचं मूळ ठाणं म्हणून गाविलगड असं नाव पडलं, असं सांगतात. दगडी किल्ला बांधायला घेतला तो अहमदशाह वली बहमनीनं, १४२५ च्या सुमारास. तो त्या वेळी वर्षभर एलिचपुरात मुक्काम करून होता, हे फरिश्ता या इतिहासकारानं लिहिलं आहे. फतहुल्लानं १४८८ मध्ये त्याची मोठी दुरुस्ती केली.

गडावर बुरुज-ए-बहराम आहे. त्याच्यावरचं साल हिजरी ९८५. मुलांना विचारलं, हे कोणतं इंग्रजी साल? हिजरी वर्ष चंद्राचं, आपल्या कॅलेंडरपेक्षा साधारण ११ दिवसांनी लहान. म्हणून सोपी रीत अशी: हिजरी सालाला ०.९७ नं गुणायचं आणि ६२२ मिळवायचे. ९८५ गुणिले ०.९७ म्हणजे ९५५.४५, त्यात ६२२ मिळवले की १५७७. दगडावर बोटानं गणित करून एका मुलीनं उत्तर आधी दिलं. त्या वेळी किल्ला कोणाकडे होता? अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाकडे. तीनच वर्षांपूर्वी, १५७४ मध्ये, त्यानं इमादशाही बुडवली होती. तेव्हा इथली सत्ता तुफालखान या सरदारानं बळकावलेली होती आणि इमादशहा नावापुरता कैदेत होता. दोन्हीकडच्या फौजा एकच कलमा पढणाऱ्यांच्या.

मग दिल्ली दरवाजापाशी आलो. मला मुलांना दाखवायचं होतं ते हेच. दरवाजावर कोरलेले वाघ-सिंह आहेत, हत्ती आहेत आणि एक दोन डोक्यांचा पक्षी आहे, त्याच्या चोचींत आणि पंजांत हत्ती धरलेले. हा गंडभेरुंड. कर्नाटकात हे चिन्ह मानाचं, विजयनगरच्या राजांनी आपल्या नाण्यांवरही घातलेलं. म्हणून काही अभ्यासक असं मानतात की लहानपणी पकडून आणलेल्या त्या मुलानं सुलतान झाल्यावर आपल्या जन्मभूमीची खूण इथं कोरून घेतली. दख्खनमध्ये इतरत्रही हा पक्षी दिसतो, त्यामुळे हे शपथेवर सांगता येणार नाही, हेही मुलांना सांगितलं. पण फतहुल्लाचा जन्म कुठला होता आणि हा किल्ला कोणी सजवला, याबद्दल शंका नाही. ज्याला आपण 'मुसलमानांचा किल्ला' म्हणतो, त्याच्या दारावर कर्नाटकातला पक्षी बसलेला आहे, आणि तो पाचशे वर्षं कोणाला खटकलेला नाही.

शेवटी जामा मशिदीपाशी आलो. तिच्या कमानी आणि कोपऱ्यावरच्या छत्रीतलं दगडी जाळीकाम अजून बघण्यासारखं आहे. सावलीत बसून १८०३ ची लढाई सांगितली. तेव्हा गड नागपूरच्या भोसल्यांकडे होता, किल्लेदार बेनीसिंह राजपूत. २९ नोव्हेंबरला अडगावला भोसल्यांचा पराभव झाला होता. आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून आला. कर्नल स्टीव्हन्सनच्या फौजेनं डोंगरातून वाट काढत तोफा हातांनी ओढून उत्तरेच्या बाजूला आणल्या. १५ डिसेंबरला हल्ला झाला. बाहेरच्या तटाला खिंडार पडलं होतं, आतल्याला नाही. तेव्हा कॅप्टन कॅम्पबेलची तुकडी शिड्या लावून आत उतरली आणि दरवाजा उघडला. बेनीसिंह लढता लढता पडला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला आणि रघुजी भोसल्यांना वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडावा लागला. गाविलगड आणि नरनाळा मात्र त्यांच्याकडे राहिले. पुढे १८२२ मध्ये तेही निजामाकडे गेले आणि वर्धा पक्की सरहद्द झाली. सकाळी सांगतो म्हटलेली सही ती हीच. तिच्यामुळे माझी दादी परमुलखातली झाली.

तेवढ्यात सातवीतल्या एका मुलानं हात वर केला. संमतीपत्राच्या वेळी प्रश्न विचारणाऱ्या त्या बागायतदाराचा मुलगा. म्हणाला, "सर, या लढाईत आपुन कोनाकडून होतो जी?"

सगळे गप्प झाले. त्याच्या त्या 'आपुन'मध्ये कोण कोण होतं, ते त्यालाही माहीत नसावं. मागे बसलेल्या माझ्या उर्दूच्या वर्गातल्या पोरांनी मान वर केली. मला कळलं की हा प्रश्न त्या सगळ्यांचा आहे, फक्त विचारला त्यानं.

मी म्हटलं, चला मोजू. गडाच्या आत राजपूत किल्लेदार, मराठा राजाचा नोकर. बाहेर इंग्रज अधिकारी, मद्रासचे शिपाई, हैदराबादच्या निजामाची फौज, आणि एलिचपूरचा नवाब सलाबतखानही त्यांच्याच बाजूला. अडगावच्या मैदानावर भोसल्यांसाठी जीव देणाऱ्यांत अरब शिपाई होते. मग सांग, मुसलमान कोणाकडून होते? हिंदू कोणाकडून होते? मुलगा बोटं मोजत राहिला आणि म्हणाला, "दोन्हीकून."

हे मी मुलांना सांगितलं, पण यातला एक भाग तुमच्यासाठी, या पानावर येणाऱ्या माझ्या माणसांसाठी आहे. आपल्याला कोणी बाबराची, औरंगजेबाची औलाद म्हटलं की आपण चिडतो, आणि चिडलंच पाहिजे. पण घरात बसून सुलतानांची नावं घेताना आपणही छाती फुगवतो, जणू ते आपले सख्खे चुलते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालणार नाहीत. माझ्या घराण्यात सुलतान कोणी नव्हता. पणजोबा गाद्या पिंजायचे. आपल्यात मोमीन आहेत, बागवान आहेत, आतार, तांबोळी, पिंजारी आहेत. इमादशहा आले आणि गेले, निजामशहा आले, मोगल आले, भोसले आले, इंग्रज आले. पिंजाऱ्याची तांत वाजतच राहिली. आपला इतिहास शोधायचा तर तख्ताच्या आसपास कमी आणि बाजारपेठेत जास्त सापडेल. किल्ले आपलेच आहेत, पण जेवढे ते माझे आहेत, अगदी तेवढेच त्या संत्रा बागायतदाराचे.

सोमवारी वर्गात निबंध लिहून घेतला. बहुतेकांनी बस, डबे आणि माकडं यांवर लिहिलं. बुरुजावर गणित करणाऱ्या मुलीचे वडील गवंडी आहेत. तिनं लिहिलं होतं की एवढ्या उंचीवर चुना मळायला पाणी लागलं असेल आणि ते कोणी डोक्यावरून वाहिलं, ते सरांनी सांगितलं नाही. खरंच, मी नाही सांगितलं. गडावर सक्कर तलाव आहे, देव तलाव आहे, आम्ही दोन्ही पाहिले, पण ते पाणी उचलणाऱ्या हातांचा विचार माझ्या डोक्यात आला नाही. गवंड्याच्या मुलीच्या आला. त्या दिवशी गडावर 'आपण' कोणाकडून होतो याचं माझ्यापेक्षा बरं उत्तर तिच्याकडे होतं.

त्या रात्री परत येताना जलालखेड्याला नऊ वाजून गेले होते. अर्धी मुलं झोपली होती. थांब्यावर तो बागायतदार मोटारसायकल घेऊन उभा होता. मी खाली उतरून, मनात जमवून ठेवलेलं उत्तर त्याला सांगणार होतो. पण पोरगा माझ्या आधीच उडी मारून उतरला.

"काय पाहिलं रे?" बापानं विचारलं.

"बाबा, त्या किल्ल्यावर दोन डोक्याचा पक्षी हाय. त्यानं हत्ती धरले हायेत चोचीत."

"दोन डोक्याचा?"

"हो, सर म्हणे खूप जुना हाय. पुढच्या खेपेला तुमी पन चला."

बापानं माझ्याकडे बघून मान हलवली, पोराला मागे बसवलं आणि गाडीला किक मारली.